‘आम्ही मत देणार नाही’ हे कोडमध्ये कुठे लिहिलंय?

सकाळी पावणेसातला मावशीचा फोन. “अरे, भिशीच्या ग्रुपवर एक मेसेज आलाय, तुला पाठवते. आणि मी काल रात्रीच ते डेलिगेट का काय ते करून टाकलंय.”

मावशी बडोद्यात दांडिया बाजारात राहते. एकतीस वर्षं शाळेत गणित शिकवलं. निवृत्तीच्या पैशातले दीड लाख तिने एका ब्लॉकचेन (अनेक संगणकांवर मिळून ठेवलेली व्यवहारांची वही) प्लॅटफॉर्मच्या टोकनमध्ये, म्हणजे कारभारात मत देता येणाऱ्या डिजिटल नाण्यांत, घातलेत आणि मला ते परवा कळलं. तो राग वेगळा. प्लॅटफॉर्मचं नाव इथे देत नाही, कारण हाच मेसेज टोकनचं नाव बदलून मला ऑफिसच्या ग्रुपवरही आला होता. एका टोकनचा प्रश्न असता तर मावशीला घरी जाऊन समजावलं असतं, लिहायला बसलो नसतो.

मेसेजचं म्हणणं असं. संस्थापक डेव्हलपरांच्या हातात एकूण टोकनपैकी तिसऱ्या हिश्श्याहून जास्त आहेत आणि ते चांगलंच आहे. एक, एवढा वाटा अडकलेला असल्यामुळे ते प्रकल्प सोडून पळणार नाहीत. दोन, मतदान कोडने होतं, माणसाचा हात लागत नाही, म्हणून अन्याय होऊच शकत नाही. तीन, शेअर बाजारातल्या कंपन्यांतही प्रमोटरकडे निम्म्याहून जास्त शेअर असतात, तेव्हा कोणी ओरडत नाही. चार, डेव्हलपरांनी शब्द दिलाय की हा वाटा फक्त विकासासाठी आहे, मतदानाला वापरणार नाहीत. पाच, तरीही पटत नसेल तर विका आणि बाहेर पडा. आणि शेवटी ठळक अक्षरांत: येत्या मतदानाआधी तुमचं मत टीमकडे डेलिगेट करा. म्हणजे तुमच्या वतीने मत द्यायचा हक्क त्यांना द्या.

मला संताप आला तो चौथा मुद्दा आणि ही शेवटची ओळ एकत्र वाचून. मत देणारच नसाल, तर माझ्या मावशीचं मत तुम्हाला कशाला हवंय?

म्हणून चौथ्यापासूनच सुरुवात करतो. हा शब्द यापूर्वीही दिला गेलाय आणि त्याचं काय झालं याची सगळी नोंद उघड आहे. स्टीम नावाची ब्लॉकचेन मार्च २०१६ मध्ये सुरू झाली. पहिल्या काही दिवसांत बाहेरच्या फारशा कोणाला पत्ता नसताना, ती बनवणाऱ्या स्टीमिट कंपनीने स्वतःच खाणकाम करून, म्हणजे संगणक चालवून नवे टोकन मिळवत, टोकनचा मोठा साठा जमवला. २०२० पर्यंत तो एकूण टोकनच्या सुमारे पाचव्या हिश्श्याएवढा होता. लोकांनी तो सहन केला, कारण कंपनी सांगत आली होती की हा साठा प्लॅटफॉर्मच्या विकासासाठी आहे, कारभाराच्या मतदानात तो उतरवणार नाही. चार वर्षं शब्द पाळलाही. पण तो कोडमध्ये कुठेच नव्हता.

फेब्रुवारी २०२० मध्ये ट्रॉन या दुसऱ्या ब्लॉकचेनच्या जस्टिन सन यांनी स्टीमिट कंपनी विकत घेतली. कंपनीबरोबर साठा आला. शब्द मात्र ज्यांनी दिला होता त्यांच्याबरोबर गेला. स्टीमचा कारभार टोकनधारकांच्या मतांनी निवडून आलेले प्रतिनिधी, म्हणजे विटनेस, बघतात, त्यातले वरचे वीस निर्णायक. त्यांनी घाबरून महिनाअखेरीस सॉफ्टवेअर बदललं आणि तो साठा गोठवला. २ मार्चला बायनान्स, हुओबी आणि पोलोनिएक्स या एक्स्चेंजांच्या (टोकन खरेदी-विक्रीच्या बाजारांच्या) खात्यांतून सन यांच्या बाजूने मतं पडली. ते टोकन एक्स्चेंजचे नव्हते, ग्राहकांनी ठेवायला दिलेले होते. काही तासांत वरचे वीसच्या वीस विटनेस बदलले. बायनान्सचे तेव्हाचे प्रमुख चांगपेंग झाओ यांनी, नेहमीचं अपग्रेड समजून मंजुरी दिली होती, असं सांगून माफी मागितली. मतं पडून गेल्यावर.

पाचवा हिस्सा आणि उधारीची मतं एवढ्यावर वीसपैकी वीस जागा कशा मिळतात, हे मावशीला सांगताना मी तिच्याच भाषेत गणित घातलं. सोसायटीत चाळीस फ्लॅट आहेत असं धर. बारा विकले गेलेले नाहीत, ते बिल्डरच्या नावावर. कमिटीवर सात जण निवडायचेत. नियम असा की प्रत्येक फ्लॅटने सात जणांना मत द्यायचं आणि प्रत्येक मताचं वजन पूर्ण. बिल्डर आपले सात उमेदवार उभे करतो आणि सातही जणांना बारा-बारा मतं देतो. उरलेल्या अठ्ठावीस फ्लॅटांतून सभेला किती येतात? वाघोडिया रोडवरच्या आमच्या सोसायटीच्या गेल्या सभेला नऊ जण आले होते. नऊच्या नऊ एका बाजूला झाले तरी प्रत्येक उमेदवाराला नऊच मतं. बिल्डरचे सातही जण निवडून आले. फ्लॅट तीस टक्के, कमिटी शंभर टक्के.

मावशी क्षणभर थांबली. म्हणाली, “म्हणजे तिसरा हिस्सा म्हणजे तिसरा हिस्सा नाहीच.” नाहीच! स्टीमवर प्रत्येक खात्याला तीस विटनेसना मत देता यायचं आणि प्रत्येक मत पूर्ण वजनाचं. अशा पद्धतीत सर्वांत मोठा एकसंध गठ्ठा ज्याच्याकडे, सगळ्या जागा त्याच्या. बाकीचे कितीही असले तरी विखुरलेले असतात, झोपलेले असतात, त्यांचे टोकन एक्स्चेंजवर पडून असतात. म्हणून “टीमकडे फक्त ३५ टक्के आहेत, बहुमत नाही” असं कोणी म्हणालं तर एकच विचारावं: मागच्या मतदानात एकूण किती टक्के टोकन उतरले होते?

पुढचं आणखी वाईट आहे. २० मार्च २०२० ला स्टीमवरच्या बऱ्याच लोकांनी हार्ड फोर्क करून, म्हणजे नियम बदलून साखळीला फाटा फोडून, हाइव्ह ही वेगळी साखळी काढली आणि कंपनीच्या साठ्याला तिथे जागा दिली नाही. मागे राहिलेल्या स्टीमवर नव्या विटनेसनी मे महिन्यात आणखी एक फोर्क केला. विरोध करणाऱ्या साठेक खात्यांतले मिळून सुमारे २ कोटी ३६ लाख स्टीम त्यांनी काढून घेतले. चोरी नाही, हॅकिंग नाही. मतांनी बसलेल्या लोकांनी नियम बदलला आणि तुमच्या खात्यातलं तुमचं राहिलं नाही. मावशीच्या दीड लाखाचं काय होऊ शकतं असं कोणी विचारलं, तर माझं उत्तर हे आहे.

यात एक गोष्ट मला नाइलाजाने कबूल करावी लागते. सन यांनी पैसे मोजून घेतलेला साठा आधीच्या वीस विटनेसनी गोठवला, तीही मूठभरांची मनमानीच होती. हाइव्हने वगळण्यासाठी नावांची यादी केली, तीही. मला त्यांची भीती समजते, पण सन यांची बाजू मांडणारे या जागी बोट ठेवतात तेव्हा ते चूक नसतात. फक्त त्यातून मेसेजचा दुसरा मुद्दा साफ कोसळतो. कोडमध्ये माणसाचा हात लागत नाही म्हणता? तीन महिन्यांत तीनदा लागला.

दुसऱ्या मुद्द्यावर आणखी एकच उदाहरण देतो. एप्रिल २०२२, बीनस्टॉक नावाचा प्रोटोकॉल, म्हणजे ब्लॉकचेनवर कोडने चालणारी व्यवस्था. एकाने क्षणभरासाठी प्रचंड कर्ज काढलं, त्यातून दोन तृतीयांशाहून जास्त मतं मिळवली, तिजोरी आपल्याकडे वळवणारा ठराव मंजूर केला आणि त्याच व्यवहारात कर्ज फेडलं. नुकसान १८ कोटी डॉलरच्या आसपास. कोडने मतं अगदी बरोबर मोजली होती. मोजणी बरोबर असणं आणि निवाडा न्याय्य असणं या दोन गोष्टी आहेत. एकतीस वर्षं पेपर तपासलेल्या बाईला हे मी वेगळं समजवायची गरज पडली नाही.

प्रमोटरचा मुद्दा वरवर पटतो, म्हणून तो लोक पुढे ढकलतात. हो, प्रमोटरकडे मोठा वाटा असतो. पण नोंदणीकृत कंपनीत किमान २५ टक्के शेअर जनतेकडे असावे लागतात, कोणाकडे किती आहेत ते दर तिमाहीला जाहीर करावं लागतं, आणि कंपनीने प्रमोटरच्याच दुसऱ्या कंपनीशी मोठा व्यवहार करायचा असेल तर त्या ठरावावर संबंधित मंडळींना मंजुरीचं मत देता येत नाही. ‘आम्ही देणार नाही’ असा शब्द नाही तो, सेबीचा नियम आहे. मोडला तर दाद मागायला जागा आहे. तुमच्या टोकनची तक्रार घेऊन मावशीने कोणत्या दारात उभं राहायचं, ते मेसेज लिहिणाऱ्याने सांगावं.

आणि तुलनाच करायची तर बडोद्यात बसून प्रमोटरची कशाला करता? इथे १८८९ साली विठ्ठल लक्ष्मण कवठेकरांनी अन्योन्य सहकारी मंडळी काढली. देशातली पहिली सहकारी संस्था म्हणून तिचं नाव घेतात. सहकाराचा जो नियम पुढे कायद्यातही आला तो एका ओळीचा आहे: एक सभासद, एक मत, मग शेअर पाच असोत की पाचशे. ब्लॉकचेनवर हे जसंच्या तसं करता येत नाही, कारण एकच माणूस हजार वॉलेट (टोकन ठेवायची खाती) उघडू शकतो आणि म्हणूनच मत स्टेकला, म्हणजे हातातल्या टोकनला, जोडलेलं असतं, हे मला ठाऊक आहे. अडचण खरी आहे. पण माणसं मोजता येत नाहीत म्हणून बनवणाऱ्याचाच गठ्ठा मोजायचा, असं त्यातून निघत नाही.

पहिल्या मुद्द्यात अर्धं खरं आहे, तेवढं देतो. डेव्हलपरांना काम करायला पैसा लागतो आणि त्यांचं स्वतःचं काहीच अडकलेलं नसेल तर ते जास्त धोक्याचं. वाटा असू दे. महिन्यामहिन्याने सुटत जाणारा असू दे, कोणत्या पत्त्यांवर आहे ते जाहीर असू दे. पण पैसा अडकणं आणि मत मिळणं यांची गाठ कोणी देवाने मारलेली नाही. ती कोडमध्ये सोडवता येते. टीमच्या पत्त्यांवरचे टोकन मतमोजणीत धरायचेच नाहीत, ही अट लिहिणं त्यांना अवघड नाही. ठराव मंजूर झाल्यापासून तो लागू होईपर्यंत काही आठवड्यांचा अवधी ठेवणंही अवघड नाही. भिशी चालवणाऱ्या बाईंकडेही पैसे असतात, म्हणून चिठ्ठी उचलताना त्यांच्या नावाच्या दहा चिठ्ठ्या डब्यात टाकू देतात का?

पाचवा मुद्दा, विका आणि बाहेर पडा. स्टीमवर मतासाठी लॉक केलेले टोकन पूर्ण मोकळे व्हायला १३ आठवडे लागायचे आणि सत्ता बदलली काही तासांत. शिवाय आपल्याकडे एप्रिल २०२२ पासून अशा टोकनच्या नफ्यावर ३० टक्के कर आहे, विकताना १ टक्का टीडीएस कापला जातो आणि तोटा दुसऱ्या कशातूनही वजा करता येत नाही. ज्याने नियम वाकवला त्याने राहायचं आणि ज्याच्यावर वाकवला त्याने तोटा सोसून निघून जायचं, याला कोणी पर्याय म्हणत असेल तर मी त्याच्याशी वाद घालत नाही.

मावशीला मी टोकन विक असं सांगितलेलं नाही. पैसे तिचे आहेत. संध्याकाळी तिच्याकडे गेलो, तिने सेव उसळ मागवून ठेवली होती. चष्मा लावून बसली आणि वॉलेट उघडून डेलिगेशन मागे घ्यायचं बटण स्वतः शोधलं. ते दाबल्यावर खाली बारीक अक्षरांत ओळ आली: मत परत तुमच्या नावावर यायला चौदा दिवस. मतदान नवव्या दिवशी आहे.

तिने ती ओळ दोनदा वाचली, मग फोन माझ्या हातात दिला. “हे मेसेजमध्ये कुठे होतं?”

नव्हतं. ग्रुपमधल्या बाकीच्या अकरा जणींनी अजून डेलिगेट करायचं बटण दाबलेलं नसेल तर त्यांच्यासाठी हे लिहिलंय. मावशीने ग्रुपवर त्याच रात्री एक प्रश्न टाकला, मेसेज पाठवणाऱ्याला नावाने हाक मारून: डेव्हलपरांच्या खात्यातलं मत मोजलं जाणार नाही, असं कोडच्या कोणत्या फाइलमध्ये, कोणत्या ओळीवर आहे? आज तिसरा दिवस आहे. त्याने त्यानंतर दोन सुप्रभात पाठवलेत.