हम्फ्री यांचा दाखला गैरलागू

अमेरिकेच्या अध्यक्षपदाच्या शर्यतीत उशिरा उतरूनही पक्षाची उमेदवारी मिळते, हे सांगताना तुमच्या लेखात डेमोक्रॅटिक पक्षाचे उमेदवार ठरलेल्या ह्युबर्ट हम्फ्री यांचा १९६८चा दाखला दिला आहे, तो मला पटला नाही. हम्फ्री यांनी एकही प्रायमरी (पक्षाचा उमेदवार ठरवण्यासाठी राज्यात होणारे मतदान) लढवली नव्हती. अधिवेशनात उमेदवार निवडणारे बहुतेक प्रतिनिधी तेव्हा राज्यांतील पक्षनेत्यांच्या हाती असत, आणि त्या वर्षीच्या शिकागोच्या अधिवेशनानंतर डेमोक्रॅटिक पक्षाने नियम बदलल्यावर ती वाट बंद झाली.

आजच्या काळाला लागू पडते ते न्यूयॉर्कचे माजी महापौर, अब्जाधीश मायकेल ब्लूमबर्ग यांचे उदाहरण. २४ नोव्हेंबर २०१९ रोजी रिंगणात उतरलेल्या, पहिली चार राज्ये सोडून देणाऱ्या आणि पाण्यासारखा पैसा ओतणाऱ्या या गृहस्थांच्या पदरी ३ मार्च २०२० रोजी एकट्या अमेरिकन सामोआचा विजय पडला (ते तर राज्यही नव्हे, अमेरिकेच्या अखत्यारीतील बेटे), आणि दुसऱ्याच दिवशी त्यांनी माघार घेतली. उशिरा उतरणाऱ्याची वाट अडवणाऱ्या, राज्याराज्यांतील उमेदवारी अर्ज भरण्याच्या मुदतींचा तर लेखात उल्लेखही नाही.