रंग काचेतून येत नाहीत

गेल्या काही दिवसांत बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या अनेक मोबाइलवर लोलकाविषयीचा, म्हणजे उन्हाचे रंग पसरवणाऱ्या तिकोनी काचेविषयीचा, एक मजकूर येऊन गेला. त्याचा आशय थोडक्यात असा: सूर्यप्रकाश शुद्ध पांढरा असतो आणि लोलकाच्या काचेतली रसायने त्याला रंग चढवतात, म्हणूनच खिडकीच्या साध्या काचेतून रंग दिसत नाहीत, जांभळा रंग हलका म्हणून जास्त वळतो, तांबडा जड म्हणून कमी, रंग मोजून सातच आहेत, आणि शाळेतल्या करमणुकीपलीकडे या प्रयोगाचा काही उपयोग नाही. मजकूर मोठ्या आत्मविश्वासाने लिहिला आहे, म्हणूनच त्यातला एकेक मुद्दा तपासून पाहणे भाग आहे.

काच रंग चढवते, हा पहिला दावा वेडगळ मुळीच नाही. न्यूटनच्या आधी युरोपातले विद्वानही बहुतांशी हेच मानत होते. न्यूटनने १६७२ साली रॉयल सोसायटी या लंडनच्या विज्ञानसंस्थेला लिहिलेल्या पत्रात या दाव्याला जे उत्तर दिले, त्यातली युक्ती साधी होती. एका लोलकाने पसरवलेल्या रंगांपैकी एकच रंग त्याने फळीच्या छिद्रातून पुढे जाऊ दिला आणि तो दुसऱ्या लोलकावर पाडला. काच रंग चढवत असती, तर दुसऱ्या काचेने त्यावर आणखी काही चढवायला हवे होते. प्रत्यक्षात तो रंग नुसता वळला, बदलला नाही. पसरलेले सगळे रंग भिंगाने पुन्हा एकत्र आणले, तेव्हा पांढरा प्रकाश परत मिळाला.

ज्यांच्याकडे लोलक नाही, त्यांना हे घरीही पाहता येईल. आमच्या माजघराच्या छपरात उजेडासाठी एक काचेचे कौल बसवलेले आहे आणि दुपारी त्यातून जमिनीवर कवडसा पडतो. त्या कवडशात परात ठेवून तिच्या काठाला हातातला छोटा आरसा तिरका टेकवला, तर भिंतीवर पांढरा डाग उमटतो. परात न हलवता तीत आरसा अर्धा बुडेल इतके पाणी ओतले की, त्या डागाशेजारी तांबड्यापासून जांभळ्यापर्यंतचा पट्टा दिसू लागतो. पाण्याला बोट लावले की पट्टा थरथरतो, रंग एकमेकांत मिसळतात आणि क्षणभर पांढरे दिसते. पाणी स्थिरावले की रंग जागेवर येतात. आरसा तोच, ऊन तेच आणि पाणी विहिरीचे. यात रसायन कुठले, ते मजकूर लिहिणाऱ्याने सांगावे.

खिडकीच्या काचेचा प्रश्न मात्र चांगला आहे. त्या काचेच्या दोन्ही बाजू समांतर असतात, त्यामुळे आत शिरताना निरनिराळ्या कोनांत वळलेले रंग बाहेर पडताना तितकेच उलट वळतात आणि मूळ दिशेला समांतर निघतात. त्यांच्यात पडलेले अंतर इतके थोडे असते की, ते एकमेकांवर पडून पांढरेच दिसतात. लोलकाच्या बाजू तिरक्या असल्याने दुसऱ्या बाजूला ही भरपाई होत नाही, उलट फरक वाढतो. काचेच्या प्रकाराने फरक पडतो, एवढे त्या मजकुरातले खरे आहे: भारी झुंबरांच्या लोलकांत शिसे मिसळलेली काच वापरतात आणि तीत रंग अधिक फाकतात. पण फाकणे वेगळे आणि चढवणे वेगळे.

हलक्या-जड रंगांची गोष्ट तर निव्वळ कल्पना आहे. पोकळीत सर्व रंगांचा वेग सारखाच, सेकंदाला सुमारे ३ लाख किलोमीटर, असतो. नेहमीच्या लोलकाच्या काचेत तांबड्याचा वेग सुमारे १ लाख ९८ हजार आणि जांभळ्याचा सुमारे १ लाख ९६ हजार किलोमीटर होतो. ज्याचा वेग अधिक घटतो, तो अधिक वळतो. असे होण्याचे कारण काचेतल्या इलेक्ट्रॉनांत आहे. झोपाळ्याला त्याच्या स्वतःच्या लयीच्या जवळपास झोके दिले की, तो जोराने हलतो. काचेतल्या इलेक्ट्रॉनांची स्वाभाविक लय जांभळ्याच्याही पलीकडे, अतिनील भागात असते, म्हणून जांभळा प्रकाश त्यांना तांबड्यापेक्षा अधिक हलवतो आणि स्वतः अधिक रेंगाळतो. परिणाम फार मोठा नसतो: ६० अंशांच्या लोलकातून बाहेर पडताना दोन टोकांच्या रंगांत जेमतेम दीड अंशाचा फरक पडतो, म्हणजे दहा फुटांवरच्या भिंतीवर सात-आठ सेंटीमीटर. अंधाऱ्या खोलीत प्रयोग अधिक चांगला का दिसतो, ते यावरून कळेल.

सात हा आकडाही निसर्गाने दिलेला नाही. वर्णपंक्ती, म्हणजे हा रंगांचा पट्टा, सलग असते, तीत कुठेही रेघ मारलेली नसते. न्यूटनने आधी पाचच मुख्य रंग मोजले होते. नारिंगी आणि पारवा नंतर आले, कारण सप्तस्वरांशी मेळ बसवण्याचा मोह त्याला आवरला नाही. आपण शाळेत ‘तानापिहिनिपाजा’ घोकतो, पण पावसाळ्यात जांबोटीच्या रस्त्यावर दिसलेल्या इंद्रधनुष्यात निळा संपून पारवा नेमका कुठे सुरू होतो, हे शेजारी उभ्या असलेल्या दोघांनाही सारखे सांगता येत नाही. शिवाय पट्टा डोळ्यांना दिसेनासा होतो तिथे प्रकाश संपत नाही. १८०० साली खगोलशास्त्रज्ञ विल्यम हर्शेल यांनी तांबड्याच्या पलीकडच्या अंधारात तापमापक ठेवला, तेव्हा पारा वर चढला; तेच अवरक्त किरण.

राहिला उपयोगाचा प्रश्न, आणि त्याचे उत्तर शोधायला आपल्याला लांब जावे लागत नाही. १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास सूर्यग्रहणाचा पट्टा पटवर्धन संस्थानिकांच्या जमखंडीवरून गेला. ढगांच्या फटींतून त्या विल्यम हर्शेल यांचे नातू, लेफ्टनंट जॉन हर्शेल, यांनी सूर्याच्या कडेवरच्या ज्वाळांचा प्रकाश वर्णपंक्तिदर्शकातून, म्हणजे लोलकाने प्रकाश फाकवून दाखवणाऱ्या उपकरणातून, पाहिला. त्यांना सलग पट्टा दिसलाच नाही. दिसल्या त्या सुट्या, तेजस्वी रेषा: एक तांबडी, एक नारिंगी, एक निळी. अशा रेषा तप्त वायूच देतो, म्हणून त्या ज्वाळा वायूच्या आहेत हे त्या दिवशी ठरले. प्रत्येक मूलद्रव्याच्या रेषांची पट्ट्यातली जागा ठरलेली असते. ग्रहणात दिसलेली ती नारिंगी रेषा आधी सोडियमची समजली गेली, पण पुढच्या मोजमापांत ती सोडियमच्या जागेवर बसेना. ती ज्या मूलद्रव्याची होती, त्याला हेलियम म्हणतात. पृथ्वीवर ते हाती लागायला १८९५ साल उजाडावे लागले.