भावड्याच्या अ‍ॅपचे पैसे

नाशिकच्या गंगापूर रोडला टपरीमागच्या कट्ट्यावर रविवारी वाद पेटला तो बेदाण्यावरून. आमच्या बाळाचा बेदाण्याचा धंदा आहे आणि त्याची बरीचशी गिऱ्हाइकं इन्स्टाग्रामवरून येतात. भावड्या सातपूरला नोकरी करतो आणि सुट्टीच्या दिवशी हौसेने अ‍ॅप बनवतो. बाळाला त्याने एक छोटं अ‍ॅप करून दिलंय. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेली ऑर्डर त्यात टाकायची, गिऱ्हाईक कुठली पोस्ट बघून आलं ते विचारून नोंदवायचं, आठवड्याच्या शेवटी हिशेब समोर.

त्या हिशेबाने बाळाचे डोळे उघडले. शेडवर सुकणाऱ्या द्राक्षांचं, गाणं लावलेलं रील हजारो लोकांनी पाहिलं, पण त्यातून ऑर्डर जेमतेम आल्या. माल खपला तो भाव लिहिलेल्या एका साध्या फोटोवर. लोकांनी तो सेव्ह करून ठेवला होता, बहिणीला, शेजारणीला पाठवला होता. रीच किती म्हणजे पोस्ट किती जणांपर्यंत पोचली, सेव्ह किती, फॉलोअर कुठल्या शहरातले, कुठल्या वेळी ऑनलाइन असतात, हे सगळं इन्स्टाग्राम दाखवतं. पण बाळाचा सौदा ठरतो व्हॉट्सअ‍ॅपवर, त्यामुळे पैसे कुठल्या पोस्टने आणले ते तिथे दिसत नाही. ती फट भावड्याने बुजवली.

"मग त्याला पैसे दे ना," मी म्हणालो.

"मित्राला कसले पैसे? हौस आहे ती त्याची," बाळा म्हणाला.

हे ऐकून मास्तर उसळले. "हौस, हौस करूनच या कंपन्या मोठ्या झाल्या! ट्विटरचं घे. हॅशटॅग सुचवला २००७ साली एका वापरणाऱ्याने. आपण बोटाने पडदा खाली ओढून ताज्या पोस्ट आणतो ना, ती युक्ती लोरेन ब्रिक्टरच्या 'ट्वीटी' या ट्विटर वाचायच्या अ‍ॅपमधली. एकट्या माणसाने केलेलं अ‍ॅप. २०१० साली ट्विटरने ते विकत घेतलं आणि तेच आपलं आयफोनवरचं अ‍ॅप केलं. आणि २०२३च्या जानेवारीत बाहेरच्यांच्या अशाच अ‍ॅपना दार बंद!"

"सर्व्हर त्यांचा, वीज त्यांची. फुकट का द्यावं?" आप्पा म्हणाले.

आप्पांचा हा मुद्दा मला खोडता येत नाही. पण त्याच वर्षी रेडिट या गप्पा-चर्चेच्या साइटने काय केलं तेही बघा. बाहेरच्या अ‍ॅपना पोस्ट पुरवायचे पैसे लावले. 'अपोलो' हे रेडिट वाचायचं अ‍ॅप ख्रिस्तियन सेलिगने बनवलेलं, लोकांचं लाडकं. पैसे द्यायला त्याची ना नव्हती. नव्या दराने वर्षाला सुमारे २ कोटी डॉलर लागतील, असा हिशेब त्याने मांडला आणि ३० जूनला अ‍ॅप बंद केलं. रेडिटकडे स्वतःचं अ‍ॅप नव्हतं त्या काळातही असल्या बाहेरच्या अ‍ॅपवरच लोक फोनवर रेडिट वाचत होते. याची काही किंमत धरायची की नाही?

मला आपल्या गावातलंच आठवलं. २००३च्या सिंहस्थात चेंगराचेंगरीत ३९ माणसं गेली. पुढच्या, २०१५च्या सिंहस्थासाठी नाशिकच्याच शाळकरी पोरांनी चटईसारखं यंत्र केलं. वरून माणूस गेला की पाऊल मोजायचं, म्हणजे गर्दी कुठे दाटतेय ते वेळेत कळतं. ज्याच्या दारात प्रश्न आहे त्यालाच तो आधी बोचतो. बाळाची अडचण भावड्याला कळली, कारण तो रोज संध्याकाळी याच कट्ट्यावर तिचं रडगाणं ऐकत होता. हे बाजारात मिळत नाही, म्हणून तर त्याचे पैसे द्यायचे.

एवढा वेळ गप्प बसलेला भावड्या शेवटी बोलला. "मेहनतीचं राहू दे. सर्व्हरचं बिल मात्र दर महिन्याला माझ्या खिशातून जातं."

बाळाचा चेहरा उतरला. इतक्या महिन्यांत हे त्याने विचारलं नव्हतं. मीही नव्हतं.

बिल आता बाळा भरणार, एवढं लगेच ठरलं. मेहनतीचं मात्र अडलंय. मास्तर म्हणतात महिन्याला ठरावीक रक्कम द्या, आप्पा म्हणतात विक्रीवर टक्का. मी आप्पांच्या बाजूने आहे. दिवाळीत बाळाच्या ऑर्डर वाढल्या की रात्री दोन-दोनपर्यंत जागून ते अ‍ॅप चालू ठेवतो तो भावड्याच.