बीपी चढवतं कोण, टेन्शन की औषध? (एका प्रतिक्रियेला उत्तर)

नमस्कार. प्रतिक्रिया कडक आहे, पण मुद्द्याची आहे, म्हणून दोन ओळींत उरकत नाही. तुमचं म्हणणं असं: व्हीईजीएफ या ग्रोथ फॅक्टरचं (पेशींना वाढायला सांगणाऱ्या प्रथिनाचं) काम नव्या रक्तवाहिन्या फुटवणं. मोठ्या माणसात त्या फारशा फुटतच नाहीत. मग तो अडवणाऱ्या कॅन्सरच्या औषधांवर पेशंटचं बीपी चढतं ते कॅन्सरच्या टेन्शनने, आणि ते औषधानेच चढतं असं लिहून मी उगाच घबराट पसरवतोय.

व्हीईजीएफला रोजचंही काम असतं. रक्तवाहिनीच्या आतल्या अस्तरातल्या पेशींवर त्याचे रिसेप्टर, म्हणजे त्याचा निरोप घेणारी प्रथिनं, असतात. तिथे तो चिकटला की पेशी नायट्रिक ऑक्साइड बनवते, तो वायू शेजारच्या स्नायूपेशींत झिरपतो आणि वाहिनी सैलावते. (या वायूचं शरीरातलं हे काम शोधल्याबद्दल फर्चगॉट, इग्नारो आणि मुराद या शास्त्रज्ञांना १९९८चं नोबेल मिळालं.) व्हीईजीएफ अडवला की हा वायू घटतो, वर वाहिन्या आवळणारं एंडोथेलिन वाढतं. याला महिने लागत नाहीत. व्हीईजीएफचं काम अडवणारी सुनिटिनिबची गोळी सहसा चार आठवडे घेऊन दोन आठवडे बंद ठेवतात. बीपी पहिल्या काही दिवसांतच चढू लागतं आणि सुट्टीच्या आठवड्यांत उतरतं. टेन्शन असं वेळापत्रक पाळतं होय?

आता गरोदरपणातलं बीपी घ्या. प्री-एक्लाम्प्सिया या त्या बीपीच्या आजारात वारेतून एक प्रथिन आईच्या रक्तात जास्त प्रमाणात उतरतं आणि व्हीईजीएफला धरून ठेवतं. २००३मध्ये बोस्टनच्या संशोधकांनी तेच प्रथिन उंदरांच्या माद्यांमध्ये वाढवलं. बीपी वाढलं, लघवीतून प्रथिनं जाऊ लागली, आणि हे गाभण नसलेल्या माद्यांतही झालं. त्यांना काही कुणी बायोप्सीचा रिपोर्ट वाचून दाखवला नव्हता.

टेन्शनने बीपी वाढतच नाही असं मी म्हणत नाही. पण सगळं त्याच्यावर ढकललं की पेशंट बीपी मोजतच नाही, आणि मला खरी भीती त्याची वाटते.

औषध बंद करा असंही मी कुठे लिहिलेलं नाही. उलट किडनीच्या कॅन्सरमध्ये सुनिटिनिबवर ज्यांचं बीपी वाढलं, ते सरासरीने जास्त जगल्याचं दिसलं आहे. अर्थात म्हणून ते चढू द्यायचं नाही. अ‍ॅम्लोडिपिनसारख्या साध्या गोळ्यांनी ते बहुधा आटोक्यात येतं. मात्र घरात डिल्टियाझेम किंवा व्हेरापामिल पडून असेल तर ती परस्पर सुरू करू नका. सुनिटिनिब मोडणारं लिव्हरमधलं एन्झाइम त्या अडवतात आणि औषध रक्तात साठतं.