पोरांनी नाचायचं कुठे?

अनंत चतुर्दशी उलटली की आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दरवर्षी तोच वाद पेटतो. एका बाजूला पुण्याची मावशी, रात्रभर डीजेने खिडक्यांची तावदानं थरथरून वैतागलेली. दुसऱ्या बाजूला मावसभाऊ, मंडळाचा जुना कार्यकर्ता. मिरवणूक तीस तासांच्या घरात गेली याचा तिला संताप, त्याला अभिमान. डेसिबल, रात्री दहाची मर्यादा, 'बाकीच्यांचे आवाज कसे चालतात' हे सगळं झालं की भाऊ हुकमाचा पत्ता टाकतो: 'पोरांनी वर्षातून एकदा नाचायचं नाही, तर कधी नाचायचं?'

मी मँचेस्टरजवळ राहते. 'इकडे बघा कशी शिस्त' म्हणणाऱ्या एनआरआय मंडळींचा मलाही कंटाळा आहे. पण भावाचं ते 'वर्षातून एकदा' मला खटकतं, आणि ते खटकायला लागलं इंग्लंडमधल्या स्टोक-ऑन-ट्रेंट शहराच्या किंग्ज हॉलमध्ये, रात्री दोनच्या सुमारास.

तिथे नॉर्दर्न सोलची ऑलनाइटर होती, म्हणजे जुन्या अमेरिकन सोल गाण्यांवर रात्रभर नाच. माझ्याबरोबर काम करणारी, निवृत्तीला आलेली एक बाई मला ओढून घेऊन गेली. हॉल टाउन हॉलचाच भाग, म्हणजे महापालिकेचा. मधोमध ऐसपैस लाकडी फ्लोअर. कडेला टेबलांवर जुन्या पंचेचाळीस आरपीएमच्या तबकड्यांची खोकी, आणि त्यावर वाकून एकेक तबकडी चाळणारे पुरुष. एकाने खिशातून टाल्कम पावडरचा डबा काढला, पायापुढे चिमूटभर भुरभुरवली आणि चामडी तळव्याचा बूट त्यावर घासून पाहिला. वय सत्तरच्या आसपास असावं. मग गाण्याने उचल घेतली तसा तो गर्रकन फिरला, हात टेकून मागे झुकला आणि ठेक्यावर उठून उभाही राहिला. गुडघ्यांचं काय होत असेल हा माझा मध्यमवर्गीय प्रश्न. त्याला तो पडलेला दिसला नाही.

इथे जोडीदार लागत नाही. प्रत्येक जण एकटा नाचतो, पाऊल आडवं सरकवत. गाण्यात ठरावीक जागी अख्खा हॉल एकदम टाळी वाजवतो. घेरदार स्कर्टमधल्या बायका मधोमध एकट्या नाचत होत्या आणि त्यांच्याकडे कोणी टक लावून पाहत नव्हतं, अंगचटीला जाणं तर दूरच. पहाटे दमले की लोक पिशवीतून टॉवेल आणि कोरडा शर्ट काढून बदलून येत होते.

ही गाणी साठच्या दशकातली, डेट्रॉइट-शिकागोच्या कृष्णवर्णीय गायकांची, आणि त्यातली बरीचशी अमेरिकेत साफ पडलेली. मोटाउन या डेट्रॉइटच्या नावाजलेल्या रेकॉर्ड कंपनीसारखं काहीतरी करू पाहणाऱ्या छोट्या कंपन्यांची ती रेकॉर्डं उत्तर इंग्लंडच्या गिरणीत, खाणीत, कारखान्यात राबणाऱ्या पोरांनी उचलून धरली. 'नॉर्दर्न सोल' हे नाव मात्र लंडनने दिलं: डेव्ह गोडिन या पत्रकाराच्या रेकॉर्डच्या दुकानात उत्तरेकडून फुटबॉल पाहायला आलेली पोरं तेव्हाचं नवं फंक संगीत सोडून जुनंच मागायची, त्यावरून त्याने 1970 मध्ये तो शब्द छापून रूढ केला. रेकॉर्ड जितकं दुर्मीळ तितका डीजेचा मान, इतका की स्पर्धकांना गाणं कळू नये म्हणून ते लेबलवर कागद चिकटवून ठेवत. फ्रँक विल्सनच्या 1965 च्या एका रेकॉर्डची प्रत 2009 मध्ये पंचवीस हजार पौंडांच्या वर विकली गेली. (कृष्णवर्णीयांच्या संगीतावर नाचणारा हॉल जवळजवळ सगळा गोराच होता, हेही नोंदवते. ब्लॅक पॉवरच्या चळवळीतली वळलेली मूठ असलेला बिल्ला हे लोक कपड्यांवर शिवून मिरवतात. त्याबद्दल माझ्या मनात थोडं उलटसुलट आहेच.)

यातलं काहीही पहिल्यापासून सोवळं नव्हतं. मँचेस्टरचा ट्विस्टेड व्हील हा क्लब 1971 मध्ये बंद झाला, स्टोकमधलाच टॉर्च 1973 मध्ये. नशेच्या गोळ्या खाऊन रात्रभर नाचण्याची बोंब होती, आणि ती खोटी नव्हती. त्याच वर्षी विगन गावात विगन कॅसिनो सुरू झालं, नाव कॅसिनो पण नाचाचा हॉल: रात्री दोन ते सकाळी आठ, दारू नाही. ते 1981 पर्यंत चाललं. आज विगन ज्या कॅसिनोचा अभिमान बाळगतं त्याची जागा त्या वेळी पालिकेला विस्तारासाठी हवी होती. तेव्हाही सभ्य लोक नाकं मुरडत होतेच.

आपल्याकडे नाकं मुरडण्याची एक ठरलेली दिशा आहे. ढोल-ताशा म्हणजे संस्कृती, डीजे म्हणजे वस्तीतल्या पोरांचा धिंगाणा. शंभर ढोल एका चौकात घुमले की आवाज कोणत्या नियमात बसतो, हे मावशीही विचारत नाही, कारण पथकात तिची नात आहे. भीमजयंतीच्या डीजेबद्दल बोलताना तर लोकांच्या तोंडी जे येतं ते आवाजापुरतं नसतं. पण म्हणून मी भावाच्या बाजूची नाही. निवासी भागात रात्रीची मर्यादा 45 डेसिबल आहे. स्पीकरच्या भिंतीसमोर ज्याच्या छातीत धडधड होते त्या म्हाताऱ्याने का सोसायचं?

किंग्ज हॉलमधून बाहेर पडून मी गाडीपाशी आले तेव्हा आतला ठेका जेमतेम ऐकू येत होता. शिस्तीचं म्हणाल तर त्यांना चार भिंती आणि छप्पर मिळालेलं आहे, महापालिकेकडून, भाड्याने. आपल्या पोरांना नाचायला काय आहे? वरात, मिरवणूक, जयंती. तिन्ही रस्त्यावर. पबमध्ये जायला खिसा लागतो, आणि दारातला माणूस कपडे बघून आत सोडतो. पालिकेची नाट्यगृहं खुर्च्यांची. वॉर्डातलं सांस्कृतिक भवन हळदीकुंकवाला आणि सत्काराला उघडतं, एरवी कुलूप. वर्षभर कोंडलेलं सगळं एका रात्रीत रस्त्यावर ओतलं जातं आणि मग आपण डेसिबल मोजत बसतो. बंदी घालणाऱ्यांनी महिन्यातून एक शनिवार त्या भवनाचं कुलूप काढावं, आवाज आत कोंडावा, आणि मग रस्त्यावर खुशाल कडक व्हावं.

हे ग्रुपवर लिहिलं तर मावशीने अंगठा पाठवला. भावाने विचारलं, 'ताई, गाणी कोणती लावायची यावरून पहिल्याच शनिवारी मारामारी होईल, त्याचं काय?' होईल. स्टोकलाही जुनं वाजवायचं की नवं शोधून आणलेलं, यावर लोक हमरीतुमरीवर येतात. आणि त्याचा दुसरा प्रश्न: 'बायका येतील का?' दार नीट सांभाळलं, दारू ठेवली नाही आणि घरी सोडायला शेवटची गाडी असली, तर सगळ्यांत आधी त्याच येतील, त्याच्या बायकोसकट. तिला विचारलंस का, असं मी लिहिलं. अजून उत्तर नाही.