काहीही प्या, पण आधी तापवा

जुना ट्रॅक्टर बघायला आलेला माणूस हमखास विचारतो, “ॲव्हरेज किती देतो?” मी उलट विचारतो, “कशावर?” पुढचा अर्धा तास तो माझ्या तावडीतून सुटत नाही.

कारण आमच्या ट्रॅक्टरला टाक्या दोन. छोटी पेट्रोलची, मोठी रॉकेलची. त्या काळी पेट्रोल महाग, रॉकेल स्वस्त, म्हणून काढलेली ही पळवाट. फोर्डसनचा १९१७ चा मॉडेल एफ याच पंथातला, आणि १९२३ पासून तीस वर्षं निघत राहिलेला जॉन डियरचा मॉडेल डीसुद्धा. अशा इंजिनांना ‘ऑल फ्युएल’ असं भारदस्त बिरुद असे. म्हणजे म्हणे काहीही चालतं. प्रत्यक्षात रुसलेला जावई परवडला!

गार इंजिनात रॉकेलची नीट वाफ होत नाही. म्हणून हँडल मारायचं पेट्रोलवर, मॅनिफोल्ड, म्हणजे इंजिनात इंधन-हवेचं मिश्रण नेणारी नळी, चांगला तापू द्यायचा आणि मगच कॉक रॉकेलकडे फिरवायचा. घाई केली की पांढरा धूर, दोन उचक्या आणि शांतता. बाकीचं जग इंजिन तापलं म्हणून घाबरतं. मी ते गार पडू नये म्हणून रेडिएटरपुढे पडदा ओढून बसतो. एवढं करूनही न जळलेलं रॉकेल पिस्टनच्या रिंगांवरून ओघळून खाली इंजिन ऑइलमध्ये उतरतंच. लोकांच्या गाडीचं ऑइल कमी होतं, आमचं वाढतं. ऑइल मोजायच्या पट्टीवर, म्हणजे डिपस्टिकवर, बरकत दिसली की माझ्या पोटात गोळा येतो, कारण ते पातळ झालेलं ऑइल बेअरिंगच्या मुळावर उठणार.

बंद करतानाही सोहळा आहे. आधी पुन्हा पेट्रोलवर आणायचं, कार्बोरेटरमधलं (इंधनात हवा मिसळणाऱ्या भागातलं) रॉकेल संपू द्यायचं आणि मग बंद. आमच्या भाच्याने एकदा “मामा, बंद केला हं!” असं मोठ्या अभिमानाने सांगितलं. रॉकेलवरच. दुसऱ्या दिवशी कार्बोरेटरखालचा स्क्रू सोडून, उरलेलं रॉकेल काढायला मी डबा धरून उकिडवा. दोन थेंब बोटावर चोळून बघायचे: पेट्रोल असेल तर क्षणात उडून बोट कोरडं, रॉकेल असेल तर तेलकटपणा आणि वास दोन्ही मुक्कामाला. भाचा म्हणाला, “डिझेलचा का नाही घेतला?” याला म्हणतात निरागसपणा. फील्ड मार्शल नावाच्या ट्रॅक्टरचं एक सिलिंडरचं डिझेल इंजिन थंडीत चालू करायला आत धुमसता कागद खोचायचा, आणि हँडल मारायचं नसेल तर चक्क बारूद भरलेलं काडतूस उडवायचं.

त्याहून थोर जर्मनीचा लान्झ बुलडॉग ट्रॅक्टर. तो १९२१ साली आला. जळकं ऑइलही पचवणारा, खरा सर्वभक्षी. फक्त आधी सिलिंडरच्या डोक्यावरचा लोखंडी गोळा ब्लोलॅम्पने तापवायचा. मग, कित्येक मॉडेलांत, स्टिअरिंग दांड्यासकट उपसून बाजूच्या फ्लायव्हीलमध्ये, म्हणजे इंजिनाच्या जड चाकात, खोचायचं आणि झुलवायचं. एवढं करून इंजिन उलटं फिरायला लागलं, तर पुढचा गिअर टाकल्यावर स्वारी मागे निघते! आमचा चालू व्हायला वेळ लावेल, पण एकदा निघाला की नाकासमोर जातो.