मणी ओवून घ्यायचा पगार?

आमच्या भागातल्या ग्रुपांवर एक मेसेज जोरात फिरतोय. मथळा ‘सरकारी दवाखान्यातल्या ऑक्युपेशनल थेरपीचं सत्य’, खाली हात जोडलेले इमोजी आणि ‘जनहितार्थ’. मजकूर थोडक्यात असा: लकव्याच्या पेशंटला तिथे मणी ओवायला आणि कपड्यांचे चिमटे लावायला बसवतात, हा पोरखेळ आहे. फिजिओथेरपी असताना हे दुसरं कशाला? लकवा तीन महिन्यांत सुटला तर सुटला, पुढे काही होत नाही. सेवा करायला घरची माणसं आहेत, व्यायाम यूट्यूबवर आहेत. तेव्हा हे पद रद्द करा आणि त्या पैशात मशीन घ्या.

विदर्भातल्या एका सरकारी रुग्णालयात मी हेच काम करते, म्हणजे आजारानंतर माणसाला रोजची कामं पुन्हा स्वतःची स्वतः करायला शिकवते, त्यामुळे मी तटस्थ नाही. तरीही एकेक मुद्दा घेते.

मणी आणि चिमट्यांपासून सुरुवात करू, कारण हसं त्याचंच झालंय. “एवढ्या दुरून मणी ओवाले आलो का आमी?” असं पेशंट तोंडावरही विचारतात आणि प्रश्न रास्त आहे. कापूस वेचताना हाताचं काय होतं ते बघा. फुटलेल्या बोंडाची वाळकी टोकं टोचतात, त्यांच्या आतून अंगठा आणि दोन बोटांच्या शेंड्यांनी कापूस सरकीसकट ओढायचा, तेही वाकून आणि पाय ढेकळांत असताना. लकव्यानंतर मूठ एकदम वळते, पण बोटं सुटी होत नाहीत. चिमटा दाबायला लागते ती हीच पकड. आधी मऊ चिमटा, मग कडक. आधी बसून मांडीजवळच्या पुठ्ठ्यावर, मग उभं राहून खांद्याच्या वर बांधलेल्या दोरीवर. दोरी वर गेली की खांदा, कंबर आणि तोल सगळ्यांची परीक्षा एकदम होते. पेशंटला दिसतो तो चिमटा. मी बघत असते ते त्याचं अंग कुठे कलतंय, श्वास रोखून धरतोय का, खांदा कानाकडे चढतोय का.

मण्यांचं आणखी एक आहे. परातीत मणी पसरून ठेवले की एखादा पेशंट उजवीकडचे सगळे उचलतो आणि डावीकडच्यांना हातच लावत नाही. नजर चांगली असते, हट्टही नसतो. मेंदूच्या उजव्या भागाला मार बसला की काही जणांच्या लेखी डावी बाजू उरतच नाही. हाच माणूस घरी ताटातली उजवीकडची भाजी-भाकर संपवतो आणि डावीकडचं वरण तसंच ठेवतो. सून म्हणते, “बाबाजीले आता वरण आवडत नाई.” दाढी अर्धीच होते, दारातून जाताना डावा खांदा चौकटीला आपटतो, आणि घरच्यांना वाटतं म्हातारा चक्रम झाला. ताटाच्या डाव्या कडेला लाल रिबन चिकटवायची आणि नजर रिबनपर्यंत गेल्याशिवाय घास घ्यायचा नाही, अशी सवय लावावी लागते. हे परातीतल्या मण्यांवरून कळतं, मशीनवरून नाही.

आणि ज्या विदर्भात कुष्ठरोग्यांसाठी दत्तपूर, तपोवन आणि आनंदवन उभं राहिलं, तिथे हाताला काम देण्याला पोरखेळ म्हणावं, हे जरा अतीच झालं. त्या संस्थांचं काम आमच्या विषयापुरतं नव्हतं, पण कुष्ठरोगाने बोटं वाकलेला हात शेतात आणि मागावर काय करू शकतो, हे या मातीला कुणी नव्याने शिकवायला नको.

फिजिओथेरपी असताना दुसरं कशाला, याचं उत्तर लहान आहे. दोन्हींच्या कामात सरमिसळ आहे, हे खरं. पण नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात या दोन वेगळ्या पदव्या आहेत, ते उगाच नाही. पायात ताकद आली, चालता आलं, पुढे काय? बाजेवरून उठायचं कसं, संडासात बसल्यावर कशाला धरून उभं राहायचं, एका हाताने पायजम्याची नाडी कशी बांधायची, न्हाणीत घसरू नये म्हणून काय करायचं, इथून आमचं काम सुरू होतं. आजकालचं फॅडही नाही हे. कमला निंबकर यांनी मुंबईच्या केईएममध्ये याचं शिक्षण सुरू केलं ते १९५० साली.

तीन महिन्यांच्या मुद्द्यात अर्धं सत्य आहे, म्हणूनच तो जास्त घातक. सुधारणा सर्वांत वेगाने होते ती पहिल्या काही महिन्यांत, हे बरोबर. पण वेग मंदावणं म्हणजे थांबणं नव्हे. २००६ साली अमेरिकेतल्या एका मोठ्या अभ्यासात लकव्याला तीन ते नऊ महिने उलटून गेलेले २२२ पेशंट घेतले होते. त्यातल्या एका गटाचा चांगला हात दिवसातला बराच वेळ जाड हातमोज्यात अडकवून ठेवला आणि दोन आठवडे लकव्याच्या हाताकडून भरपूर काम करून घेतलं. हाताचा वापर नेहमीचे उपचार घेणाऱ्या गटापेक्षा सुधारला आणि वर्षभरानंतरही तो फरक दिसत होता. हा उपाय सगळ्यांसाठी नाही, मनगट आणि बोटं थोडी तरी हलायला हवीत. पण ‘तीन महिने संपले, आता बाजेवर पडून राहा’ हा सल्ला कुणालाच देऊ नये. पहिल्या दिवसांतली सुधारणा बरीचशी आपोआप होत असते. त्या काळात ज्याने गावठी दवा दिली त्याचं नाव होतं, इतकंच.

आता घरच्या माणसांची सेवा. हा मुद्दा मला सगळ्यात जास्त खटकला, कारण तो प्रेमाच्या नावाने मांडलाय. “सून भरवते नं मले, मंग हे काहून?” असं आजोबाही विचारतात. भरवण्यात माया आहे, नाही कोण म्हणतंय? पण भाकर मोडायला दोन हात लागतात म्हणून माणसाला कायमचं भरवत राहायचं, की ताटाखाली ओलं फडकं घालून ताट सरकणं थांबवायचं, भाकर वरणात कुस्करून द्यायची आणि चमच्याच्या दांड्यावर सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा चढवून मूठ जाड करायची? सदरा घालताना लकव्याचा हात आधी, काढताना तो शेवटी. एवढ्या एका नियमाने कित्येक पेशंट स्वतःचे कपडे स्वतः घालू लागतात. त्याला वेळ लागतो, घरचे बघवत नाही म्हणून पुढे होतात, आणि पुढे झाले की माणूस शिकायचा थांबतो.

शिवाय सेवा म्हणून नकळत इजाही होते. पेशंटला उठवायचं म्हटलं की दोघं जण दोन्हीकडून दंडाला धरून ओढतात. लकव्यात खांद्याचे स्नायू सैल पडलेले असतात, तसं ओढलं की सांधा खाली सरकतो आणि दुखणं बसतं. मग तो खांद्याला हात लावू देत नाही, आणि व्यायाम तिथेच बंद पडतो.

घरच्यांना शिकवलं की थेरपिस्ट नको, हा समजही आपल्याच देशात तपासून झालाय. लकव्याच्या १२५० पेशंटचा, १४ रुग्णालयांतला अभ्यास २०१७ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आला. नेहमीच्या उपचारांच्या जोडीला घरच्यांना प्रशिक्षण देऊन त्यांच्याकडून पुनर्वसन करवून घेतलं, आणि सहा महिन्यांनी मृत्यू किंवा परावलंबन यांत नुसत्या नेहमीच्या उपचारांपेक्षा काही फरक पडला नाही. प्रशिक्षण देऊन ही गत, तर यूट्यूबचं काय घेऊन बसलात? घरच्यांचा हातभार हवाच, मी रोज त्यांच्याशीच बोलते. पण सगळं त्यांच्यावर टाकून मोकळं होता येत नाही. आणि ‘घरची माणसं’ म्हणजे बहुतेक घरांत सून. सोयाबीन सवंगणीच्या दिवसांत तिची मजुरी बुडते, ती या मेसेजच्या हिशेबात कुठेच नाही.

पदं रिकामी असतात, तालुक्याहून जिल्ह्याला यायचं तर गाडीभाडं आणि दिवसाची रोजी जाते, आठवड्याला बोलावलं तरी माणूस महिन्याने उगवतो. मेसेज लिहिणाऱ्याची ही चीड खरी असेल तर मी त्याच्या बाजूने आहे. पण त्यावर पद रद्द करा म्हणणं म्हणजे एसटी वेळेवर येत नाही म्हणून स्टँड पाडा म्हणण्यासारखं आहे. मागायचंच असेल तर ग्रामीण रुग्णालयात आठवड्यातला एक ठरलेला थेरपीचा दिवस मागा. मशीन पाहिजे तर तेही घ्या, विजेच्या झटक्यांनी स्नायू हलवणारी यंत्रं काहींच्या कामी येतात. फक्त त्या मशीनला चालवणारं माणूस लागतं, आणि नाडी बांधायला मशीन शिकवत नाही.